सुलतानचं पान

७ सप्टेंबर, रविवार

रुक्मिणीबाईनं ही डायरी देली. बियाण्याच्या दुकानातून फुकट भेटलेली, वर सोयाबीनच्या शेंगेचं चित्र. म्हणे, झुंबरबाई, कुत्र्यानं काय खाल्लं, बाहेर किती वेळा गेला, सांध्याची गोळी देली का, रोज लिहून ठेवा. मी म्हटलं, मी चौथी शिकली आहे, मले काय लिहायले लावता. तर म्हणे, तुमच्या मनानं लिहा, मी काही तपासणार नाही. तपासणार नाही तर लिहायचं कशाले? म्हणजे तपासणार.

ती अन् नारायणराव सकाळच्या गाडीनं नाशिकले गेले. त्याईच्या दीपमालाचं बाळंतपण आहे, डॉक्टरनं तिले प्रवास करू नको म्हटलं, म्हणून मायबापच तिकडे. पंधरा-वीस दिवस घर माह्या हवाली अन् घरातला सुलतान माह्या हवाली.

सुलतान म्हणजे गावठी कुत्रं. तपकिरी, बारा वर्षांचं, एक कान फाटलेला. सुलतानपुराहून पिल्लू आणलं होतं म्हणून सुलतान.

निघता निघता रुक्मिणीबाई ऑटोतून म्हणे, "शेजारी शेषरावभाऊ आहेत, यष्टीत कंडक्टर होते. एकटेच राहतात. काही लागलं तर त्याईले हाक मारा." मी समजली. माह्यावर पाळत ठेवायले माणूस नेमून गेली.

खाल्लं: संध्याकाळी पाव भाकर. गोळी देली.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी अर्धी भाकर दुधात कुस्करून देली. सुलताननं हुंगली अन् तोंड फिरवलं. मी म्हटलं, भूक लागन तेव्हा खाशीन. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, ताटलीवर चमचा हाणल्यासारखा. टण टण. दोनदाच. सुलतान उठला. एरवी दोन पायऱ्या चढायच्या तर मधात थांबते, पण त्या आवाजाले असा उठला जशी त्याची गाडी सुटून राह्यली. गेटाच्या फटीतून गेला तो अर्ध्या तासानं आला, जिभल्या चाटत. माही भाकर तशीच पडून.

मले हे आवडलं नाही.

लोकाईचे जनावरं सांभाळायचा हा धंदा माहा दोन वर्षांचा. त्याच्या आधी जनावराच्या डॉक्टरकडं झाडझूड करत होती, तिथं सुई देताना कुत्रे धरायचं शिकली. मागच्या उन्हाळ्यात एका बाईचं फुगीर केसाचं मांजर माह्याजवळ असताना मेलं. उन्हानं मेलं, मी नाही मारलं. पण तेव्हापासून तीन घराईनं मले बोलावणं सोडलं. आता याले काही झालं तर मेहकरात मले कोणी कोंबडीही सांभाळायले देणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मागं मागं गेली. कंडक्टरच्या घराच्या दोन खोल्या, पुढं तुळस, पायरी. पायरीवर बुढा मांडीवर ताटली घेऊन बसला होता अन् सुलतानसंग बोलून राह्यला होता.

"आज बी जाड झाली बे. तिच्यासारखी नाही जमत मले. खा गुमान."

तिच्यासारखी म्हणजे कोणासारखी? रुक्मिणीबाई तर एकटे राहतात म्हणून सांगून गेली. अन् दाराजवळ बाईच्या चपला होत्या, निळ्या पट्ट्याच्या, पुसून जोडीनं ठेवलेल्या. खाणं झाल्यावर सुलतान त्याच चपलांवर हनुवटी टेकून पडला, जशा त्याच्या बापाच्या.

मी तशीच परत आली. आतमधी कोण बाई आहे ते दिसलं नाही. माणूस लपवाछपवीवाला आहे, एवढं दिसलं.

१० सप्टेंबर, बुधवार

समोरची विमलबाई नळावर भेटली. मी सहज विचारलं, कंडक्टर कसे आहेत.

"माणूस चांगला आहे वो," विमलबाई म्हणे, "पण नारायणरावचं अन् त्याईचं या कुत्र्यावरून मोठमोठ्यानं झालं होतं मागं. शेषराव म्हणत, एक दिवस मी याले घेऊन जाईन, पाहतच राहसान."

"घेऊन जाईन म्हणजे कुठं?"

"ते मले काय माहीत. मी तर मेथी निवडून राह्यली होती."

मेथी निवडता निवडता एवढं ऐकलं, तर पुढचंही ऐकलं असन. सांगत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सुलतान तीनदा ओकला. पिवळं पाणी अन् त्यात पिठाचं काहीतरी. मागचे पाय थरथर करत होते. ते मांजर माह्या डोळ्यापुढं आलं. चादरीत गुंडाळला, ऑटोत टाकला, डॉक्टरकडं नेला.

डॉक्टरनं पोट दाबून पाह्यलं. म्हणे, "पित्तर सुरू आहेत ना झुंबरबाई. या पंधरवड्यात दरवर्षी माझ्याकडं रांग लागते. घरोघरी कुत्र्याचं पान निघतं, वडे, कढी, खीर. म्हाताऱ्या पोटाला झेपत नाही."

"विष तर नाही?"

"विषाला वेलदोड्याचा वास येत नाही," म्हणे, अन् हासला.

त्याले गिऱ्हाईकाची गर्दी होती, त्यानं धड पाह्यलंही नाही. खिरीत घालून काय देता येत नाही? सुई देली. बाहेर कंपाउंडर गजेंद्र होता, तो म्हणे, दोन दिवस हलकं खाऊ घाला. मी म्हटलं, मी घालीन, पण दुसऱ्याचं कोण थांबवते?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुलतानले मागच्या खोलीत साखळीनं बांधला. सकाळी आठले टण टण झालं. साखळी ताणली. थोड्या वेळानं परत टण टण. मंग तिसऱ्यांदा. मंग कंडक्टर स्वतःच गेटाशी.

"आज आला नाही तो."

"बांधला हाय."

"काऊन?"

"बिमार हाय. कोणीतरी काहीबाही खाऊ घातलं."

"मी तर सुकी भाकर देतो. गल्लीतल्या पानाईवर गेला असन, मी हाकलतो त्याले तिकडून, पण माह्या पायानं..."

"मी तुमचं नाव घेतलं का? तुमालेच काऊन लागलं?"

बुढा गेटाचा गज धरून उभा राह्यला, जसा उभ्यानं प्रवास करून राह्यला. म्हणे, "एक डाव पाहू द्या."

"झोपला हाय," मी म्हटलं. अन् सुलतान आतून भुंकून राह्यला होता. दोघाईलेही ऐकू येत होतं.

खाल्लं: काही नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

खाल्लं: नाही. पाणी: चार वेळा चाटलं. बाहेर: एकदा, साखळीनं. गेटाकडं ओढत होता.

रुक्मिणीबाईचा फोन आला. दीपमालाले पोरगी झाली. सुलतान कसा आहे विचारलं. मी म्हटलं, मजेत आहे, खाते. शेषरावभाऊ भेटले का? मी म्हटलं, भेटले. पुढं ती काही सांगत होती, पण लेकरू रडलं अन् फोन कटला. खोटं बोलली मी. ती दवाखान्यात उभी, तिले कशाले सांगायचं? आणखी एक गोष्ट म्हणजे, सांगितलं असतं तर मांजराची गोष्ट नाशिकपर्यंत गेली असती.

१४ सप्टेंबर, रविवार

कंडक्टर आज पांढरा धुतलेला शर्ट घालून आला, गळ्यापर्यंत बटन लावलेले. मी आंगण झाडून राह्यली होती.

"झुंबरबाई, उद्या दुपारी माह्याकडं जेवायले येता का?"

"काऊन?"

"बाईमाणूस पाहिजे एक. तुमच्या गळ्यात मंगळसूत्र दिसलं म्हणून म्हटलं..."

"माह्या गळ्यात काय आहे त्यावर तुमची नजर काऊन?"

"तसं नाही हो. उद्या..."

मी पुढं बोलू देलंच नाही. झाडणी तिथंच आपटली. म्हटलं, चांगलं वय झालं तुमचं, दारात एकीच्या चपला, अन् जेवायले दुसरी बोलावता. त्याचं तोंड उतरलं. काही न बोलता गेला. खरा असता तर बोलला असता.

माह्या गळ्यातलं काय आहे ते गावाले माहीत आहे. आमचा माणूस अकरा वर्षांमागं सुरतले जातो म्हणून मेहकरच्या स्टँडावरून गेला. एक वर्ष फोन आले. मंग नाही. तेव्हापासून मले कोणी हळदीकुंकवाले बोलावत नाही अन् विधवा म्हणून बाजूलेही काढत नाही. मी आपली मधातच. गळ्यातलं काढत नाही, कारण काढ म्हणून कोणी खबर आणली नाही.

सुलताननं आज तोंड उघडलं नाही. पिचकारीनं ग्लुकोजचं पाणी घातलं, अर्धं सांडलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते, पुढं कोणी विचारलं तर.

सकाळपासून कंडक्टरच्या घरात तळणाचा वास. बारा वाजता बुढा गच्चीवर पान घेऊन उभा. काव काव करत होता. कावळे विमलबाईच्या टाकीवर बसून होते, एकही आला नाही. एक वाजला. दीड वाजला. बुढा हात जोडून काहीतरी बोलून राह्यला होता, ऐकू आलं नाही. पित्तर घालून राह्यला हे मलेही दिसत होतं. मायचं असन नाहीतर बापाचं. कोणाचं ते मी विचारलं नाही. पित्तराच्या पानातही काही घालता येते.

दोनले तो पान घेऊन गेटाशी आला. वडे, खीर, गंगाफळाची भाजी, कढी सांडत होती.

"कावळा शिवत नाही," म्हणे. "एक घास सुलतानले देऊ द्या. तो आला म्हणजे झालं."

मी म्हटलं, "हो, देईन. आधी तुम्ही खा. माह्यासमोर खा एक घास, मंग त्याले सोडते."

"आज मले आधी नाही खाता येत."

"का नाही? अन्नच आहे ना?"

"पान उचलल्याशिवाय घरचा माणूस खात नाही. तुमाले माहीत आहे."

"मले एवढंच माहीत आहे की तुम्ही खात नाही."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. रागानं नाही. कंडक्टर लोक सुट्टे नसलेल्याकडं पाहतात तसं. मंग ते पान त्यानं गेटाच्या खांबावर ठेवलं अन् बोटानं खांबावरच दोनदा टकटक केलं. आतमधी सुलताननं असा हिसका मारला की कडीचा खिळा उपसला. मी धावत जाऊन दार लावलं.

तो गेल्यावर पानातला एक वडा पन्नीत बांधून ठेवला, डॉक्टरले दाखवायले. बाकीचं गाईले नाही देलं, विष असन तर गाय काऊन मारायची. नालीत टाकलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वडा घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर चिखलीले गेलेले. गजेंद्रले पन्नी देली, म्हटलं, याची तपासणी करा, कुत्र्याले घालत होते. त्यानं वडा मोडला, हुंगला, अन् मी नाही नाही म्हणून उरलेला ओढेपर्यंत अर्धा तोंडात टाकला.

"उडदाचा हाय," म्हणे. "मीठ कमी हाय."

मी तासभर तिथं बाकड्यावर बसून राह्यली, त्याले काय होते ते पाहत. काही झालं नाही. तो म्हणे, "बाई, उरलेला अर्धा बी द्या."

म्हणजे वड्यात काही नव्हतं. त्या वड्यात तरी नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सुलतान सकाळी उठलाच नाही. डोळे उघडे, श्वास चालू, पण साखळी सोडली तरी पडून. पाच दिवस पोटात अन्न नाही. मीच रुक्मिणीबाईले फोन लावला अन् सगळं सांगितलं, ओकला ते, बांधला ते, खोटं बोलली तेही. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "अवं माय, तुम्ही त्याले शेषरावभाऊकडं जाऊ देलं नाही?"

"काऊन जाऊ द्यावं?"

"अन्नपूर्णाबाईचं पिल्लू ते. शेषरावभाऊच्या बायकोचं. सुलतानपूर तिचं माहेर, पिशवीत घालून आणलं होतं तिनं. ती बिछान्याले लागली तेव्हा दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या, म्हणून आमच्याकडं ठेवला. ती गेल्यावर भाऊ म्हणत मी घेऊन जाईन, अन् हे म्हणत तुमचं तुमाले होत नाही, कुत्र्याचं काय करता. त्यावरून दोघं भांडले. शेवटी ठरलं, सकाळची भाकर त्याईच्या हातची. ती द्यायची तशी, ताटली वाजवून. सुलतान जेवला म्हणजे भाऊ जेवतात. नाहीतर चहावरच राहतात."

"कधी गेली ती?"

"गेल्या वर्षी श्रावणात. औंदा पहिलंच पान तिचं, अहेव नवमीले, सवाष्ण गेलेल्या बाईच्या तिथीले. जेवायले सवाष्ण भेटली का हो त्याईले? मले त्याचीच काळजी होती."

नवमी म्हणजे परवाचा सोमवार.

मी म्हटलं, "हे आधी सांगायचं होतं."

"हाक मारा म्हटलं होतं ना मी," रुक्मिणीबाई म्हणे. "तुम्ही हाक मारली असती तर त्याईनंच सांगितलं असतं."

कावळा शिवला नाही, अन् जो धावत जाऊन शिवला असता त्याले मी बांधून ठेवला होता. तिच्या नावची सवाष्ण झाडणी आपटत होती. अन् पान नालीत.

मी सुलतानले उचलला अन् पलीकडं गेली. दार उघडंच होतं. शेषराव खाटेवर बसून होते, चूल थंड. पीठही मळलेलं नव्हतं. सुलतानले पायरीवर ठेवला तर तो खुरडत चपलांपाशी गेला.

मी म्हटलं, "भाकर करा. तो आला हाय."

"हात चालत नाही आज."

"पीठ कुठं आहे?"

त्याईनं डब्याकडं बोट केलं. भाकर मी थापली. पातळ, गोल, फुगलेली. सुलतानपुढं ठेवली. हुंगली अन् डोळे मिटले. मंग शेषराव खाली बसले, माही भाकर ताटलीत कुस्करली, चमचा घेतला. टण टण. सुलताननं एक घास घेतला. थांबला. मंग दुसरा. माहीच भाकर होती ती.

तो खात असताना मी म्हटलं, "तुमची नवमी माह्यामुळं गेली."

"हो," शेषराव म्हणे.

असू द्या, असं काही म्हणाले नाहीत. मले तेच बरं वाटलं. मंग म्हणे, "अमावास्या आहे अजून. ज्याचं राहते त्याले अमावास्या."

खाल्लं: सुलतान, पाऊण भाकर. शेषरावभाऊ, एक, तीही मी उभी राह्यली म्हणून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुलतान आपल्या पायानं गेला अन् आला. मधात विमलबाईच्या दारचं पान पडलं होतं, मी त्याले कानाले धरून पुढं नेला. विमलबाई म्हणे, झुंबरबाई, आता तुमचंही जाणंयेणं सुरू झालं वाटते तिकडं. मी म्हटलं, तुमची मेथी झाली का निवडून?

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

सकाळीच आंघोळ करून गेली. शेषरावभाऊ म्हणे, सैपाक मीच करणार, तिच्यासाठी आहे. मी फक्त तेल तापलं का नाही ते सांगत होती. वडे वाकडेतिकडे झाले.

जेवायच्या आधी मी म्हटलं, "एक गोष्ट आधीच सांगते. मी सवाष्ण आहे का नाही ते मलेच माहीत नाही. अकरा वर्षं झाले. अन् अमावास्येले सवाष्ण जेवत नाही म्हणतात."

शेषरावभाऊनं पंच्यानं हात पुसले. म्हणे, "तीस वर्षं गाडीवर होतो. पाशिंजर उतरताना दिसला नाही तोवर सीट त्याचीच धरायची. बसा."

पान गच्चीवर नेलं. टाकीवर दोन कावळे होते, माना वाकड्या करून पाहत होते. त्याईचं ठरेपर्यंत सुलतान एक एक पायरी थांबत वर चढला, मधात घुसला अन् पानातला वडा उचलला. मी काठी शोधायले लागली.

"राहू द्या," शेषरावभाऊ म्हणे.

"कावळ्याचं पान हाय ते."

"कावळ्याचं म्हणून कोणं वाढलं होतं?"

सुलतान दुसऱ्या वड्याकडं गेला तेव्हा मात्र मी पान वर उचललं. डॉक्टरले काल विचारलं होतं, त्यानं एकच वडा म्हटला होता. उरलेलं कावळ्याईनं नेलं.

मंग खाली मी पाटावर बसली. कोणी कुंकू लावून, ओटी भरून जेवायले वाढून दहा वर्षं झाले होते. ओटीतल्या खणाचा रंग निळा, चपलांच्या पट्ट्यासारखा. त्या चपला आता आतल्या बाजूनं पाह्यल्या, एक कोपरा कुरतडलेला आहे, पिल्लू असतानाचा असन.

खाल्लं: सुलतान, एक वडा, अर्धी भाकर, खीर देली नाही. शेषरावभाऊ, दोन भाकरी, भाजी, कढी. मी, सगळं.

वड्यात मीठ कमी होतं. तोंडावर सांगितलं मी. शेषरावभाऊ म्हणे, तिचंही कमीच असायचं. जी बाई कुत्र्याले ताटली वाजवून जेवू घालते, तिच्या हातचं मीठ कमी असन यावर माहा विश्वास नाही. पण मी गुमान दुसरा वडा घेतला.